झाकणातला कांदा

चंडीगड, १४ जून १९८८

ती. स्व. सौ. सुनेत्रावहिनींना शुभदाचा शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला. इथे पुन्हा संचारबंदी होती, टपालही बंद. आम्ही सुखरूप आहोत. बातम्या ऐकून रक्तदाब वाढवू नकोस असं दादाला सांगा.

शेजारच्या बलबीरजींवर मात्र आभाळ कोसळलंय. त्यांचे यजमान अमोलकसिंगजी इथून जवळच्या खरड गावच्या कॉलेजात शिकवतात. गेल्या आठवड्यात पोलिसांनी त्यांना बसमधून उतरवून नेलं. का, ते कोणी सांगत नाही. ठाण्यात भेटू देत नाहीत. फक्त जेवणाचा डबा घेतात आणि आदल्या दिवशीचा परत देतात. जयंत रोज बलबीरजींना स्कूटरवरून नेऊन आणतो.

संचारबंदीच्या धास्तीने मी पिशवीभर कांदा फ्रिजमध्ये कोंबला होता. तोच दोन्ही घरांत चाललाय. पण कढईत पडला की शिजण्याआधीच काळा पडतो, कडू होतो. अमोलकजी तर लग्नाच्या पंगतीतही करपलेला कांदा वेचून काढणारे. डब्याच्या झाकणात रोज तो काळा कांदा बाजूला काढलेला परत येतो. बलबीरजींना वाईट वाटतं, आणि बरंही वाटतं. नखरे चालू आहेत म्हणजे ठीक आहेत, म्हणतात. काय करू, लवकर कळवा.

तुमची,
शुभदा

निफाड, २३ जून

चि. सौ. शुभदास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला नाही. जयंतरावांनी ठाण्याकडे फिरकू नये असं तुझे दादा म्हणतात. मी म्हणते, जाऊ दे त्यांना. ती बाई एकटी कशी जाईल?

आणि काय गं, कांद्याच्या गावची लेक तू, कांदा फ्रिजमध्ये ठेवतेस? कांदाचाळीत वारा खेळता ठेवतो तो काय हौसेनं? गारठ्यात कांद्यात साखर वाढते, आणि कढई तापली की आधी साखरच करपते. बाहेर काढून टोपलीत पसर. चार दिवसांनी उभा, एकसारखा चीर, पाण्यात बुडवून पिळून घे आणि मंद आचेवर हलवत परतून घे. घाई करू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

जिवाला जप. वरचेवर लिहीत जा.

सुनेत्रा

चंडीगड, ८ जुलै

ती. स्व. वहिनींना शि. सा. नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. कांदा छान बदामी झाला, गोड लागला. डबा चाटूनपुसून परत आला. आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी हसलो. पुढेही रोज डबा रिकामाच येत राहिला.

परवा सकाळी बलबीरजी आल्या, रात्रभर झोप नव्हती म्हणाल्या. चांगला कांदा काय, कोणीही खाईल, म्हणाल्या. फ्रिजच्या तळाशी दोन कांदे राहिले होते, ते मागून घेतले. माझ्याच शेगडीवर, मोठ्या आचेवर, मुद्दाम काळे केले आणि त्यात बटाटे परतले. घरभर धूर झाला. मी त्यांना अडवलं नाही. डबा घेताना शिपाई म्हणाला, सरदारजी मजेत आहेत, पोटभर जेवतात.

काल डबा परत आला. झाकण कोरडं होतं. आतही कांद्याचा तुकडा नव्हता. भुकेला माणूस काहीही खातो, असं जयंत म्हणाला. त्याचं बोलणं त्यालाच खरं वाटत नव्हतं. बलबीरजींनी डबा घासून पालथा घातला. मला फार भीती वाटतेय, वहिनी.

आज त्यांनी पुन्हा स्वयंपाक केला. डबा पाठवणं बंद केलं तर मीच त्यांना मारल्यासारखं होईल, म्हणाल्या. जयंत त्यांना घेऊन गेलाय.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शुभदा