नवी रायफल कोणाला

बस्तर, छावणीतून

बाबा,
तुमाले अन् आईले जयभीम.

मी चांगली आहो. इथं फोन लागत नाही, म्हणून माझ्यासंगं राहणारी हर्षा सुट्टीवर येऊन राहिली, तिच्याजवळ हे पत्र देतो. बांधीतला धानाचा रोवणा आटोपला का? तुमचा गुडघा कसा आहे?

आमच्या तुकडीसाठी नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल निवडायची होती. दोन नमुने आले. माझा नेम बरा म्हणून साहेबांनी मलेच चालवायले लावल्या. एक हलकी, नेम अचूक, बजेटमध्येही बसणारी. दुसरी महागडी. मग दोन्ही चिखलात लोळवून पुन्हा चालवल्या. हलकी माझ्या हातात अडकली. तीच साहेबांनी चालवून पाहिली, तर सगळ्या गोळ्या सुटल्या. महागडी एकदाही अडकली नाही.

"एकदाच अडकली ना?" साहेबांनी विचारलं.

"एकदा पुरे होते, साहेब."

साहेब म्हणाले, "महागडी घेतली तर अर्ध्याच लोकांना मिळेल. बाकीच्यांनी जुन्या झिजलेल्या घेऊन गस्तीवर जायचं. तू कोणती घेशील?"

"मले जुनी द्या," मी म्हटलं. बोलायच्या आधी विचारही केला नाही.

साहेबांनी महागडीच मागवली. तवापासून जेवण गोड लागत नाही, बाबा. ज्यायले मिळाली नाही ते माझ्याशी धड बोलत नाहीत. माझ्याच हाताची चूक असेल तर? तुम्ही इथं असते तर काय म्हटलं असतं?

सोमवारी जुनीच घेऊन गस्तीवर जायचं आहे. आईले इतकंच सांगा की तुकडीत नवी रायफल आली. कोणाले मिळाली ते सांगू नका.

गुडघ्याले तेल लावत जा.

तुमचीच,
अल्का