आर्याचा राजा

बुकित पंजांग, सिंगापूर

आदरणीय बाबा, सप्रेम जय भीम.

आम्ही मजेत आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

आर्याला शाळेत एका थोर माणसावर बोलायचंय. तुम्ही पाठवलेलं बाबासाहेबांचं चरित्र बाजूला ठेवून पोरीने युरोपातला राजा निवडला! जन्मानेच मोठा झालेला माणूस, आणि तोही आपल्या घरात? मला वाटलं, नक्की कोणीतरी हिचे कान भरलेत.

विचारलं तर इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "त्याला लहानपणापासून शिकवलंय, स्वतःचं मत सांगायचं नाही, फक्त हसायचं. सेम लाइक यू इन ऑफिस, लाह!"

ऑफिसात मी मत न मांडता नुसती हसते, हे मी फोनवर फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही तर तिच्याशी बोलला नाहीत ना? नसाल, तर ती माझ्याकडे बघूनच शिकतेय.

तुमची लेक,
भावना