सरांची चावी

साहेब,

हे पत्र काही मी टाकणार नाही, तेव्हा स्पष्टच लिहिते. बाबांची गाडी अडवा म्हणून पोलीस ठाण्यात फोन केला होता तो मीच. लाल दिवा समोर असूनही त्यांना थांबायचं सुचत नसे, आणि घरात ते कुणाचं ऐकत नव्हते. तुम्ही अडवलंत. पण काच खाली झाली आणि आत निघाले तुमचे गणिताचे सर. तुम्ही कडक सलाम ठोकलात, "सर, जरा सावकाश" म्हणालात आणि चावी परत दिलीत.

बाबा घरी आले ते फुलूनच. "पोरानं ओळखलं गं मला!" त्यांना इतकं खूश बघून मीही गप्प बसले. म्हणून तुम्हाला बोल लावायला जीभ रेटत नाही.

आठवड्याच्या आत रस्ता ओलांडणारी एक बाई त्यांच्या गाडीखाली येऊन जागीच गेली.

बाबा आता तिला विसरलेत. मलाही ओळखत नाहीत, ताई म्हणतात. रोज सकाळी बूट घालून दारात उभे राहतात आणि चावीसाठी हात पुढे करतात. मी नाही म्हटलं की माझीच समजूत घालतात.

"ताई, घाबरू नकोस. अडवलं तरी तो आपला पोरगा आहे ना, तो सोडेल."

तुमच्या सरांची मुलगी