उजव्या हाताचा कीबोर्ड

२ फेब्रुवारी, रविवार

हिशोब. एका हाताचा मेकॅनिकल कीबोर्ड, गेमिंगसाठी: साडेचार हजार. कुरिअरवाल्याला घर सापडेना म्हणून चौकापर्यंत चालत गेलो: एक गुडघा. खोका उघडताना शुभाचा चेहरा: त्याला भाव नाही. एवढं देऊन हाती काय आलं, तर डाव्या हाताचा कीबोर्ड.

माझा डावा हात दिवाळीच्या आधी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मांडीवर पडून असतो. जेवायच्या वेळेला आलेल्या पाहुण्यासारखा, काम काही नाही.

साइटवर 'वन हॅन्डेड' लिहिलं होतं. मी समजलो, ज्यांचा एकच हात चालतो त्यांच्यासाठी असेल. कसलं काय. डावा हात ह्याच्यावर ठेवायचा आणि उजव्यात माउस. म्हणजे एका हाताचा कीबोर्ड वापरायला दोन हात पाहिजेत! ज्याने हे नाव ठेवलं त्याला आमच्या कारखान्यात आणून, आम्ही बनवतो त्या शेवेच्या मशीनसमोर तीन दिवस बसवलं पाहिजे.

वर लाइटा. वरातीच्या घोड्यावर असतात तशा. बंद होत नाहीत. उशीखाली घातला तर उशी जांभळी.

शु. म्हणाली, "अहो, ह्या वयात टँक नाही उडवले तर काय अडतंय?"

अडतंय. लेक मुग्धा शाळेत होती तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघं हा टँकचा गेम खेळतो. आधी कारखान्याच्या बिलांच्या कॉम्प्युटरवर, ती नोकरीला पुण्याला गेल्यापासून हेडसेट लावून. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, माझ्यापर्यंत एवढीच लढाई पोचली. आणि त्या पोरीने मला आजपर्यंत एक गोळा फुकट दिलेला नाही. झटक्यानंतर सगळं जग माझ्याशी गोड झालंय. ती तरी नको व्हायला.

५ फेब्रु., बुध.

विक्कीच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरचं सामान ठेवतो, केसांना जेल, तोंडात गुटखा नाही एवढंच चांगलं.

"भिया, राइट हॅन्ड का तो कोई बनाताई नी है."

"क्यों नहीं बनाता?"

"डिमांड नी है भिया." मग माझ्या हाताकडे बघितलं आणि आवाज बदलला. "अंकल, आप टेंशन मत लो, बैठो, पानी मंगाऊं?"

भियाचा अंकल व्हायला एक नजर लागली. किळस आली. पाणी प्यायलो नाही.

त्याच्याकडे एका पट्टीवर नमुन्याचे स्विच बसवलेले होते, बटणाखाली असतात ते. डोळे मिटून एकेक दाबला. एक खणखणीत टक् वाजतो, दाबला गेला हे बोटाला आणि कानाला एकदमच कळतं. एक नुसता घसरतो. आणि एक सायलेंट, ऑफिसवाल्यांसाठी. तो दाबला तर ओला पापड मोडल्यासारखं वाटलं. असं यंत्र करावंसं कोणाला वाटत असेल? काम केलं की आवाज झाला पाहिजे. टक्‌वाले स्विच घेतले, मूठभर. पुढे बघू.

९ फेब्रु., रवि.

त्याच डाव्या कीबोर्डवर उजवा हात ठेवून खेळलो. अंगठ्याची बटणं करंगळीखाली येतात आणि अंगठा हवेत लोंबकळतो. साध्या कीबोर्डवर तेही जमत नव्हतं, गाडीची बटणं एका टोकाला, तोफेची दुसऱ्या टोकाला.

आणि तरी मु.ला हरवलं! लागोपाठ हरवलं. एका हाताने, उलट्या कीबोर्डवर. शु.ला दोनदा सांगितलं, खाली घरमालकांनाही सांगितलं.

मु. म्हणाली, "बाबा, काय खेळताय तुम्ही! मस्तच!"

मस्तच? ही पोरगी हरली की माउस आपटायची.

११ फेब्रु., मंगळ.

पोलोग्राउंडला गेलो. कारखान्यात शिरलो की सगळे उभे राहतात. पूर्वी कोणी उभं राहत नव्हतं, वेळ कोणाला होता.

इस्माइल मिस्त्री माझ्याबरोबर भाड्याच्या ड्रिल मशीनपासून आहे. चूक दिसली की पाना फेकायचा, एकदा माझ्या डब्यात पडला होता. आज मुद्दाम त्याला नव्या मशीनसाठी बेरिंगचा चुकीचा नंबर सांगितला. सरळसरळ चुकीचा. तर म्हणतो, "जी भाऊसाब, बिलकुल सही."

मागून गुपचूप बरोबर घातलं असणार. विचारलं नाही. पण तोंडात कोणीतरी पाक ओतल्यासारखं झालं, घरी येईपर्यंत.

१६ फेब्रु., रवि.

खटकत होतं ते पकडलं.

मु.चा कीबोर्ड टकटक वाजणारा आहे, हेडसेटमधून स्वच्छ ऐकू येतो. मी आज खेळलो कमी, ऐकलं जास्त. ती पाठलाग करते तेव्हा टकटकटक. माझी गाडी भिंतीत अडकली, करंगळी भलत्या बटणावर, समोरून नुसता गोळा सोडायचा होता तिला. आणि शांत. एक बटण नाही. मी सुटलो की परत टकटक.

खात्री करायला म्हणून मैदानाच्या मधोमध गाडी उभी केली आणि बटणावरून हात काढला. तिच्याकडेही सन्नाटा.

"मुग्धे, बोटं का उचललीस?"

"काहीही काय बाबा! पाणी पीत होते."

"खुर्ची वाजली नाही, बाटली वाजली नाही. पाणी कुठून आलं?"

मग हसली, पण ते हसू नव्हतं. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो."

मला बरं वाटावं! ह्या तीन शब्दांनी माझी जेवढी शोभा केलीय तेवढी झटक्याने केली नाही. तिला सांगितलं, बेरिंग वाजायला लागलं तर ग्राहकाच्या आधी मला फोनवरून कळतं, कानाला स्क्रूड्रायव्हर लावून चाळीस वर्षं मशिनी ऐकल्यात. तुझी बोटं काय चीज आहेत. माझ्या कानापासून तू काही लपवू शकत नाहीस, लपवायला जाऊ नकोस.

ती म्हणाली, "मग खरं खेळू? रडायचं नाही हं."

"आधी मला नीट कीबोर्ड करू दे. मग बघू कोण रडतंय."

हेडसेट काढला आणि गेल्या रविवारी खाली घरमालकांना काय काय सांगून आलो ते आठवलं. शी.

१८ फेब्रु., मंगळ.

बाजारात नाही तर आपण करू. शेवेची जाळी करतो त्याच पत्र्यातून वरची पट्टी, स्विचच्या मापाची चौकोनी भोकं, चारी बाजूंनी किनार खाली वळवायची की झाला डबा. वायरिंग आणि आतलं छोटं कार्ड विक्की करून देतो म्हणाला. "अंकल" म्हणाला नाहीस तरच, असं सांगितलंय.

उजवा पंजा कागदावर ठेवून इस्माइलकडून पेन्सिलीने आखून घेतला. बोटं जिथं आपोआप पडतात तिथं खुणा. अंगठ्याला तोफ.

२२ फेब्रु., शनि.

थू.

पट्टी कापली, घासली, किनार वळवली, सुरेख डबा झाला. हात ठेवला. अंगठा हवेत. डबा झाला होता डाव्या हाताचा!

झालं असं, की शेवेची जाळी आम्ही कायम मागच्या बाजूने आखतो, पुढची बाजू गुळगुळीत राहावी म्हणून. हाताला तीच सवय. मी कागद पत्र्याच्या मागच्या बाजूला चिकटवून आखायला लावलं. सपाट होता तोवर उलटला असता तरी चाललं असतं. किनार वळल्यावर कसला उलटतोय.

म्हणजे आता माझ्याकडे डाव्या हाताचे दोन कीबोर्ड आहेत. एक जांभळा होतो, एक शेवेचा वास मारतो.

इस्माइल मान खाली घालून उभा. मी म्हटलं, "तुझे दिखा नहीं?"

"दिख तो गया था भाऊसाब."

"कब?"

"मोड़ने के पहले."

"तो बोला क्यों नहीं?"

"अब आपकी तबियत... मैंने सोचा, आपको बुरा लगेगा."

मग माझं डोकं फिरलं. अख्ख्या कारखान्यासमोर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तर त्यालाही राग चढला. "चिल्लाओ मत! पट्टी आपने उलटी लगवाई और सुनूं मैं? महीनों से सुन रिया हूं आपकी फालतू बातें! वो बेरिंग का नंबर भी गलत था!" आणि पाना फेकला. लांब फेकला, पण फेकला.

लेथवरचा आवाजसुद्धा थांबला होता. मी म्हटलं, "चल, दूसरी पट्टी काट."

घरी आलो तर शु. म्हणते, काय झालं, चेहरा का असा? काही नाही म्हटलं. चांगली भूक लागली होती.

१ मार्च, शनि.

झाला. पंजा ठेवला की ज्या बोटाला जे बटण पाहिजे ते खाली हजर. कडा जरा बोचत होत्या, इस्माइलने कानस मारून दिली आणि वर सुनावलं की मी घाई करतो. विक्कीने लाइट लावू का विचारलं. नजरेनेच उत्तर दिलं. "समझ गया भिया."

भिया! परत मिळालं.

२ मार्च, रवि.

मु.ने धुतलं मला. भिंतीआड लपलो तर भिंतीआड येऊन, मैदानात तर मैदानात. अंगठा सुजला. टकटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक क्षण खंड नाही.

"रडताय का बाबा?"

"तुझ्या तोफेचा नेम नाही, नुसतं नशीब आहे."

"हो हो. भिंतीला धडकणाऱ्यांनी नेमाबद्दल बोलावं!"

माझीच पोरगी. किती वाईट खेळतो मी! शिसारी आली स्वतःची. दुपारी बसून नुसतं वळण घ्यायचा सराव केला. शु.ने टकटकीला कंटाळून कानात कापूस घातला.

९ मार्च, रवि.

हरलो. पण पहिल्यापेक्षा उशिरा हरलो. एकदा तिची गाडी पेटवली, अर्धी. ती चिडली. खरंच चिडली, माउस आपटल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून किती महिने झाले होते.

१६ मार्च, रवि.

जिंकलो.

शेवटचा डाव, दोघांचंही एकच आयुष्य उरलेलं. ती पुलाजवळ, मी उजवीकडून वळसा घेतला, सराव केलेलं वळण, आणि अंगठा. उडाली. हेडसेटमध्ये "बाबा!!" मोठ्याने.

खरं जिंकणं. आता कोणी मला शिकवू नये. खाली घरमालकांना आत्ता सांगत नाही, उद्या सांगीन, सहज म्हणून.

तिकडून आज टकटक फारशी आली नाही. माझाच कीबोर्ड एवढा वाजतो की त्यात बुडाली असेल. किंवा माइक लांब ठेवला असेल. माझं लक्ष खेळात होतं, ऐकण्यात नव्हतं. असं पहिल्यांदाच झालं, तेही चांगलंच म्हणायचं.

१९ मार्च, बुध.

रंगपंचमी. गेर, रंगाची मिरवणूक, निघते म्हणून कारखाना बंद. इस्माइलचा फोन: उद्या लवकर या, तुमच्या त्या ग्राहकाचं मशीन तुम्हीच बघा, माझं डोकं खाल्लंय त्याने. हे बरं.

दुपारी शु.ने रंगलेलं तोंड दाखवायला मु.ला व्हिडिओ कॉल लावला. दोघींचं साड्यांवरून, भाजीवरून चाललेलं. मी मागे पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"तुझं टेबल किती आवरलंय गं! आणि हे काय नवीन?"

"कीबोर्ड, आई. माझ्या रूममेटची रात्रपाळी असते, सकाळी ती झोपलेली असते ना. माझ्या टकटकीने वैतागली होती बिचारी. मागच्या शुक्रवारीच घेतला, रविवारच्या गेमच्या आधी."

शु.ने फोन माझ्यासमोर धरला. मी चष्मा लावून बघितला. मु. एक बटण दाबून दाखवत होती, परत परत.

सायलेंट स्विच. काहीच ऐकू आलं नाही.