शेजाऱ्याच्या पायरीपर्यंत

प्रिय धाकटे,

प्रभूची शांती तुमच्या घरावर राहो. तुझा गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला गेला का? सूनबाईचे दिवस भरत आलेत, तिला जिने चढू देऊ नका. माझी काळजी नको. वेळेवर जेवतो, पायमोजेही घालतो.

काल यंदाचा पहिला बर्फ पडला. आपल्या दारासमोरची पायवाट ज्याने त्याने साफ करायची, असा इथला नियम. दर वर्षी मी फावडं घेऊन पुढे, तुझी वहिनी झाडू घेऊन मागे. आमची हद्द आली की मी थांबायचो. ती म्हणायची, "नियम संपला हो, शेजार नाही संपला. कोणी एक कोस चल म्हटलं तर दोन कोस जा, असं प्रभूने सांगितलंय ना?" मग आमची वरात शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्याच्या पायरीपर्यंत.

काल तिथवर एकटाच गेलो. वहिनी गेली तेव्हा शिंपी लेकीकडे होता, परवाच परतलाय. त्याला काहीच ठाऊक नाही. खिडकीतून म्हणाला, "आज झाडूचा आवाज नाही आला. बाई रुसल्या काय?"

"आणतो झाडू," एवढंच म्हणालो. दारामागचा तिचा झाडू आणला आणि त्याची पायरी तिच्यासारखी लख्ख केली. डोळ्यांना मात्र नीट दिसत नव्हतं.

पहिल्या कोसाला नियम पुरतो गं. दुसऱ्याला प्रभूच लागतो, हे काल कळलं.

शिंप्याला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू, तूच सुचव. लवकर लिही. तुझ्या पत्राचा कागद वाजला तरी घरात कोणी वावरल्यासारखं वाटतं.

तुझा,
दादा