देवापुढचं आसन

कोरेगाव,
१८ ऑगस्ट २०२४

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. अनीशरावांना आशीर्वाद लिहावा की नमस्कार, मला ठरवता येत नाही. तुमच्या लग्नालाच आलो नाही, तर सवय कुठून असणार? दोन्ही सांग.

तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र. बातमी अशी की मी या वयात हातमाग शिकते आहे. महिला मंडळाने वर्ग काढलाय, शिकवायला जतच्या मनुबाई येतात. साधी वीण जमली, आता उठावाची. आडवा धागा थोडा थोडा वर ओढून सळईवर घ्यायचा, दोन साध्या ओळी ठोकून बसवायच्या आणि सळई काढून घ्यायची. लोकरीची गुबगुबीत वेटोळी मागे राहतात. दिसतात छान, पण माझा हात सारखा ताणतो आणि कापड मध्येच अरुंद होतं. मनुबाई म्हणतात, "आवं ताई, धागा हाय त्यो, बैल न्हाई. सोडा की जरा."

देवापुढे बसायला आसन करतेय, असं सगळ्यांना सांगितलंय. तुझे वडील म्हणाले, "एवढं लांब? देव झोपणार हाय व्हय त्यावर?" मला हसू आलं नाही.

मंगळवारी मनुबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "आसन आसंल तर ऱ्हाऊ द्या. तान्ह्या लेकराचं आसंल तर ही वेटोळी काढा. बारीक बोटं अडकत्यात." मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन होतं तेवढं उसवलं. आता वेणीचा टाका घालते. चार उभ्या धाग्यांवरून पुढे, दोनांखालून मागे. वेणीसारखी उठून दिसते ओळ, पण काही अडकत नाही.

शेजारच्या पूजाने तुला सांगलीत दवाखान्यात पाहिलं. सातवा महिना असेल म्हणाली. पाय फार सुजलेत म्हणाली. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. बीपी मोजून घेतेस ना? डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर अंगावर काढू नकोस गं.

बाळाचं आधी काही करून ठेवू नये म्हणतात. का, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याआधी एक मुलगा होता. माझेही पाय असेच सुजले होते आणि सगळे म्हणाले, बायकांचे सुजतातच. त्याच्यासाठी आईने शिवलेली कुंची कुणी घातली नाही. म्हणून मी आसन म्हणते. हे वाचून घाबरू नकोस. नाही, घाबर, पण डॉक्टरांकडे जा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. वडिलांना विचारलं, तिला आणायला जाता का? "तिला वाट ठावं हाय," म्हणाले. मग मीच जाते, असं त्यांना सांगून टाकलं. उद्या राखीला तुझ्या आत्या येतील, त्यांचं जेवणखाण उरकून परवा पहिल्या एसटीने निघते. पत्र आधी पोचेल की मी, कोण जाणे.

दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. बोलू नकोस, हवं तेवढं रागाव. फक्त मला एकदा तुझे पाय बघू दे.

बघितल्याशिवाय परत न फिरणारी,
तुझी आई