गाळ वर आला तेव्हा

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. येऊन आठवडा झाला. खोली न्हाव्याच्या दुकानावर मिळाली. दिवसभर कात्रीचा आवाज आणि फुकटच्या बातम्या. खाणीचं सांडपाणी स्वच्छ करायचं काम हातात आलं, आणि पहिल्याच दिवशी तुमचं तळं बघायला गेले. बाबा, ज्यातून तुम्ही माणसांना नावेतून पलीकडे नेत होतात, ते आता राखेच्या रंगाचं झालंय. खाणीत दगड धुतात, त्याची भुकटी इतकी बारीक की खाली बसतच नाही. त्या दिवशी पेलाभर पाणी खिडकीत ठेवलं, ते अजून तसंच गढूळ आहे.

पावसाळ्याआधी उपाय सापडला नाही, तर तळं बुजवून टाकायचं असं खाणीच्या साहेबांनी ठरवलंय. मी म्हटलं, हवेनं गाळ वर आणून काढते. हवेत इमले बांधू नका म्हणाले.

दादा-वहिनींना नमस्कार. इथं आले म्हणून रागावलात तरी चालेल, पण लिहा.
तुमची छकुली

१५ मार्च

चि. छकुलीस,
अ. उ. आ. तुझी वहिनी माझी तंबाखू लपवते आणि दादा तिचीच बाजू घेतो, बाकी क्षेम.

गाळ खाली बसतो एवढं मला ठाऊक. तू त्याला वर काढणार, हे काही टाळक्यात शिरत नाही. पण पोहायचीससुद्धा तू उताणीच.

सकाळी वल्हं थांबवलं की नावेची सावली तळाच्या वाळूवर दिसायची. तुझी आई तिच्याकडेच बघत बसायची. नाव नव्हे, सावलीच आपल्याला नेते म्हणायची. मग पाणी पांढुरकं होत गेलं. मासे गेले, माणसं पुलावरून जायला लागली. आई गेल्यावर मी तिथून उठलो तो उठलोच. मला तिकडे बोलावू नकोस. डोळ्यांत आहे तेवढं राहू दे.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते आहेतच.
बाबा

२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. जमलं! पण आधी फजिती ऐका. पाण्यात तुरटीसारखं औषध घातलं की भुकटीचे कण एकमेकांना धरून कापसासारखे पुंजके होतात. दुसरीकडे दाब देऊन पाण्यात हवा मुरवायची. दाब सुटला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात, फक्त फार बारीक. ते पुंजक्यांना चिकटून त्यांना वर उचलतात. माझे पुंजके मात्र आधीच फुटायचे. साहेब रोज डोकावून इमला कुठवर आला म्हणून विचारायचे. रडायची पाळी आली होती.

शेवटी ढवळायचं पातं फिटरकडून अगदी संथ करून घेतलं. थोड्या वेळानं टाकीवर सायीसारखा करडा थर आला. तो ओरपून काढला, तर खाली पाणी कसं आरपार! साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, तळं बुजवायचं नाही.

अख्खं तळं निवळायला वर्षं जातील. पण स्वच्छ पाणी सोडतो तो कोपरा तरी बघायला या. तुमच्या डोळ्यांतलं मी काही पुसणार नाही.

माया आहे तशीच दाट असू द्या.
छकुली

२० जून

चि. छकुलीस,
अ. उ. आ. घरी पोचलो. गाडीत पाठ धरली, एवढंच. काठावर मी पाण्याऐवजी पुलाकडेच बघत राहिलो म्हणून तू हिरमुसलीस, ते दिसलं. तू साहेबांकडे गेलीस, त्यानंतरचं सांगतो.

तुझा फिटर आणि मी त्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात उतरलो. पस्तिशीचा गडी, जन्म तिथल्याच वस्तीतला. एकदम ओरडून मागे सरला. पाण्यात काहीतरी हललं म्हणाला. बघतो तर त्याचाच पाय! त्याच तळ्यात पोहत वाढला, पण स्वतःचा पाय कधी दिसलाच नव्हता. आम्ही इतके हसलो की येणारे-जाणारे थांबले. मग त्याचं हसू ओसरलं आणि त्यानं विचारलं, पूर्वी सगळंच असं होतं का. मी सांगत गेलो, तुझ्या आईपासून. तुला लिहिलं तेवढं सोडलं, तर इतकी वर्षं कुणापाशी बोललो नव्हतो; खरं कुणाला वाटणार? तो पायांकडे बघत ऐकत होता आणि पोरी, त्याला सगळं पटत होतं.

माझ्यासाठी काठाजवळ एक खोली बघ. जिना नसलेली. पुढच्या महिन्यात येतो, राहायलाच. दादाला मी सांगेन, वहिनीला तू सांग.
तुझा बाबा